कुम्बिया विशेरा वाजवणारा बँड कसा उभा करायचा

कुम्बिया विशेरा, म्हणजे अर्जेंटिनाच्या झोपडपट्ट्यांतलं नाचाचं संगीत, ऐकायला फार सोपी वाटते आणि नवे बँड तिथेच फसतात. चार स्वर, एकच ठेका, साधी चाल म्हणून पहिल्याच तालमीत सगळे जण मोकळ्या जागा भरायला लागतात. अर्ध्या तासात गाणं जड होतं आणि पाय हलायचे थांबतात. या संगीताची सगळी ताकद रिकाम्या जागेत आहे. कुणी कधी वाजवायचं नाही, हे ज्या बँडला कळलं तो बँड नाचवतो.

आधी घराणं समजून घ्या. मूळ कुम्बिया कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची. तिच्यात ताम्बोरा, आलेग्रे आणि यामादोर असे तीन ढोल, सोबत गायता नावाच्या लांब बासऱ्या आणि खुळखुळे. तिथून ती पेरू, मेक्सिको, अर्जेंटिना असा प्रवास करत गेली आणि प्रत्येक ठिकाणी तिनं वेगळं रूप घेतलं. अर्जेंटिनात झोपडपट्टीला विशा म्हणतात. बुएनोस आयरेस शहराला वेढून असलेल्या उपनगरी पट्ट्यातल्या विशांमध्ये 1990 च्या दशकाच्या शेवटी जे रूप तयार झालं, ते कुम्बिया विशेरा. त्याआधी टीव्हीवर चालणाऱ्या कुम्बियात चमचमते कपडे, लांब केस आणि प्रेमगीतं असायची. विशेराचे बँड ट्रॅकपँट, टोपी आणि स्पोर्ट्स शूज घालून आले आणि आपल्या गल्लीबद्दल गायला लागले. दामास ग्रातिस, शेर्बा ब्रावा, लोस पीबेस चोरोस, मेता ग्वाचा, माला फामा ही त्यातली ठळक नावं. तालमीला बसण्याआधी या पाचही बँडची सुरुवातीची रेकॉर्डिंग ऐका, आणि प्रत्येक गाणं एकदा फक्त ठेक्यासाठी, एकदा फक्त बाससाठी, एकदा फक्त कीबोर्डसाठी ऐका.

माणसं किती लागतात

सात जणांत काम भागतं: गायक, मुख्य कीबोर्ड, दुसरा कीबोर्ड किंवा गिटार, बास, ऑक्टोपॅड किंवा तिंबाल (काठ्यांनी वाजवायचे उथळ ढोल), काँगा (हातानं वाजवायचा उंच ढोल) आणि ग्विरो (खाचांवर काटा घासून वाजवायचं वाद्य). आठवा माणूस मिळाला तर तो कोरसला आणि लोकांना हाक घालायला ठेवा. ऑक्टोपॅड म्हणजे मराठी ऑर्केस्ट्रात दिसतो तोच, आठ रबरी चौकोनांचा. तिथे तो पूर्ण ड्रमसेटची जागा घेतो, कारण एका रात्रीत चार ठिकाणी ड्रमसेट लावायला आणि माइक जोडायला वेळ कुणाकडे असतो?

पैसे कमी असतील तर आधी गिटार सोडा, मग दुसरा कीबोर्ड. ग्विरो मात्र सोडू नका. काटकसरीत पहिल्यांदा तोच कापला जातो आणि मग बँडला कळत नाही की गाणं बसत का नाही.

ठेका: आठ मात्रांत मांडून घ्या

तबला-ढोलकीची सवय असलेल्यांना हा ठेका आठ मात्रांत मोजणं सोपं जातं. मेट्रोनोम 90 वर, म्हणजे मिनिटाला 90 टिक, ठेवा आणि त्याचा टिक 1, 3, 5, 7 या मात्रांवर आला असं धरा. मग वाटणी अशी होते.

किक: 1, 3, 5, 7.
काँगा (मूळ यामादोर ढोलाचं काम): 2, 4, 6, 8.
गिटार किंवा दुसरा कीबोर्ड, तुटक कॉर्ड: 2, 4, 6, 8.
बास: 1 वर लांब, मग 3 आणि 4. पुन्हा 5 वर लांब, मग 7 आणि 8.
ग्विरो: 1 वर लांब ओढ, 2 मध्ये दोन आखूड ओढी. 3 वर लांब, 4 मध्ये दोन आखूड. पुढेही तसंच.

केरव्याशी गल्लत होते ती इथेच. केरव्यात पाचवीला खाली आहे, तिथे वजन हलकं होतं. कुम्बियात खाली नाही. पाचवी मात्रा पहिलीइतकीच भरीव पडली पाहिजे. तबलजी काँगावर बसला की त्याचा हात नकळत पाचवीपासून मऊ पडतो आणि ठेका झुलायच्या ऐवजी लंगडतो. यावर उपाय म्हणजे पहिला आठवडा काँगेवाल्यानं फक्त 2, 4, 6, 8 हे एकाच वजनाचे चार उघडे बोल वाजवायचे. बाकी काही नाही, भराव नाही, तिहाई तर अजिबात नाही.

लय 85 ते 100 च्या मध्ये ठेवा. सुरुवातीला 90 बरी. 105 च्या वर गेलात की नाचणाऱ्यांची पावलं आखूड होतात आणि कमरेचा झोका जातो. 80 च्या खाली गेलात तर ग्विरोच्या आखूड ओढी सुट्या सुट्या ऐकू येतात. बहुतेक बँड हळूहळू पळायला लागतात, कारण 2-4-6-8 वाजवणारे हात पुढे झुकतात. तालमीत मेट्रोनोमचा टिक मुद्दाम उलटा करून 2, 4, 6, 8 वर आला असं धरा आणि तीन गाणी सलग वाजवा. ज्याचा हात पळतो तो दोन मिनिटांत उघडा पडतो.

काउबेल (काठीनं वाजवायची धातूची घंटा) धृपदासाठी राखून ठेवा: 1, 3, 5, 7. कडव्यात तो वाजवला की धृपद आल्याचं कुणाला कळतच नाही.

आणि थांबा. कडव्याच्या शेवटी सगळी वाद्यं एका फटक्यात बंद, चार मात्रा फक्त गायकाचा आवाज किंवा लोकांच्या टाळ्या, मग पहिल्या मात्रेवर सगळे एकदम आत. याला तिथे कोर्ते, म्हणजे काप, म्हणतात. एका गाण्यात दोन काप पुरेत. थांबताना बास आणि काँगा दोघांनी तळहातानं आवाज दाबायचा. नुसतं वाजवणं थांबवलं तर तार आणि कातडं घुमत राहतं आणि काप बोथट होतो.

ग्विरो

अर्जेंटिनात धातूचा, नळीसारखा, अंगावर बारीक खाचा असलेला ग्विरो वापरतात. तो तारांच्या काट्यानं घासायचा. डाव्या हातात ग्विरो उभा-तिरका, छातीपासून वीतभर लांब. उजव्या हातात काटा, पकड सैल, अंगठा आणि दोन बोटांत.

लांब ओढ वरून खाली, खाचांच्या जवळजवळ पूर्ण लांबीवर. ती संपते तिथेच, काटा न उचलता, दोन आखूड ओढी: एक वर, एक खाली, प्रत्येकी तीन-चार सेंटिमीटर. मग मनगट वर नेऊन पुन्हा लांब ओढ. तोंडानं म्हणून बघा: झ्झ्झ चिक-चिक, झ्झ्झ चिक-चिक. तोंडातून पाच मिनिटं न अडखळता येईपर्यंत वाद्य हातात घेऊ नका.

जोर लावला की आवाज मोठा होईल असं वाटतं, पण होतं उलटं. तारा खाचांत रुततात, त्यांचं कंप पावणं थांबतं आणि नुसती खरखर उरते. काटा खाचांवरून घसरला पाहिजे. दुसरी चूक म्हणजे कोपरातून वाजवणं. तिसऱ्या गाण्याला दंड भरून येतो आणि त्या माणसामागे सगळा बँड मंदावतो. हालचाल मनगटातून हवी, कोपर बरगडीजवळ टेकलेलं. तीस मिनिटं न थांबता वाजवता येईल तेव्हाच त्या माणसाला कार्यक्रमाला न्या, कारण स्टेजवर त्याला विसावा नसतो.

माइक ग्विरोपासून वीतभर लांब, खाचांच्या मध्यावर रोखलेला. मिक्सरवर 300 हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका, तिथे फक्त हाताळण्याची धडधड असते. कर्कश वाटला तर आवाज कमी करण्याआधी 4 ते 5 किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उतरवून बघा.

कीबोर्ड हाच दुसरा गायक

विशेराची ओळख ज्यानं ठरवली तो कीबोर्डवालाच होता. पाब्लो लेस्कानोचा जन्म 1977 चा, बुएनोस आयरेसच्या उत्तरेला सान फेर्नांदोमधल्या ला एस्पेरान्सा या विशातला. तो आधी आमार आसुल या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. 1999 च्या सुमारास त्यानं फ्लोर दे पिएद्रा हा बँड उभा केला आणि त्यासाठी गाणी लिहिली. मग मोटरसायकलच्या अपघातानंतर, 2000 साली, दामास ग्रातिस. त्यात तो स्वतः गातो, आणि खांद्याला गिटारसारखा कीबोर्ड, म्हणजे कीटार, अडकवून वाजवतो. कीबोर्डवाला मागच्या कोपऱ्यातून पुढे, लोकांच्या समोर आला. त्यामुळे गाण्याची ओळ आणि कीबोर्डची ओळ एकाच माणसाच्या श्वासातून यायला लागली, आणि ते ऐकू येतं.

आवाज असा लावा: एकच ऑसिलेटर, सॉ किंवा स्क्वेअर लाट. मोनो मोड, म्हणजे एका वेळी एकच स्वर. पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, 40 ते 80 मिलिसेकंद. त्याहून जास्त ठेवलं तर जलद जागा लडबडतात. लेगाटो पर्याय असेल तर चालू करा, म्हणजे मागची पट्टी दाबलेली असतानाच घसरण होईल आणि सुट्या स्वरांना ती लागणार नाही. पिच बेंड वर-खाली दोन सेमीटोन. डिले लावायचा असेल तर लयीत बसवा: 90 च्या लयीला एक टिक 667 मिलिसेकंदांचा, म्हणजे एका मात्रेचा डिले 333. एक-दोन प्रतिध्वनी पुरे. रिव्हर्ब जवळजवळ नकोच, नाचाच्या हॉलमध्ये तो आधीच भरपूर असतो.

बहुतेक गाणी मायनरमध्ये आहेत. आपल्याकडच्या कानाला ओळखीचं सांगायचं तर आसावरी थाटाचे स्वर: ग, ध, नि कोमल. नेहमीची कॉर्डची उतरंड ए मायनर, जी, एफ, ई. शेवटच्या ई मेजरवर कोमल निषाद टोचतो, तिथे तेवढ्यापुरता शुद्ध निषाद घ्या, म्हणजे किरवाणीसारखं वळण येईल. पुन्हा ए मायनर आला की कोमल निषादाकडे परत. हे विसरल्यामुळे सुरेल वाजवणाराही दर चौथ्या कॉर्डला बेसूर वाटतो.

ओळ लिहिताना गायकाला आधी गाऊ द्या. तो जिथे श्वास घेतो तिथे कीबोर्डचं उत्तर, दोन किंवा चार मात्रांचं. गायक गात असताना कीबोर्डनं गप्प बसायचं किंवा तीच चाल एक सप्तक वर हलक्या हातानं धरायची. सुरुवातीची धून मात्र पूर्ण कीबोर्डची, आणि ती इतकी साधी हवी की पहिल्यांदा ऐकणारा दुसऱ्या आवर्तनाला गुणगुणेल. हार्मोनियमवाल्यांचा हात इथे मुरक्या घालायला शिवशिवतो. मुरकी एकच ठेवा, ओळीच्या शेवटच्या स्वरावर.

कीटार घेताना बघून घ्या. काहींमध्ये स्वतःचा आवाज नसतो, ते फक्त मिडी संदेश, म्हणजे कुठली पट्टी दाबली आणि सोडली एवढी माहिती, पाठवतात आणि आवाज मागे ठेवलेल्या साउंड मॉड्यूलमधून येतो. मिडी केबल 15 मीटरपेक्षा लांब नको. नाचताना केबल निघाली आणि त्या क्षणी पट्टी दाबलेली असली, तर ‘सोडली’ हा संदेश पोहोचतच नाही आणि तो स्वर भोंग्यासारखा वाजत राहतो. मॉड्यूलवर सगळे स्वर बंद करायचं बटण कुठे आहे हे दुसऱ्या कीबोर्डवाल्याला अंधारात हातानं सापडलं पाहिजे. केबल आधी खांद्याच्या पट्ट्यातून ओवून मग खोबणीत घाला, म्हणजे हिसका पट्ट्याला बसतो.

बासबद्दल थोडंच: पहिल्या मात्रेला मूळ स्वर, 3 आणि 4 ला पंचम, किंवा गंधार आणि पंचम. बोटांनी वाजवा, पिक नको. 40 हर्ट्झच्या खालचं काढा, नाहीतर स्वस्त स्पीकर तिथेच दम तोडतात.

शब्द

विशेराची गाणी गल्लीच्या बोलीत आहेत: पोलीस, खबरे, दारू, नशा, बेकारी, शनिवारची रात्र, खिशात नसलेले पैसे. 2001 मध्ये अर्जेंटिनाच्या प्रसारण नियामकानं, कोमफेरनं, खास कुम्बिया विशेराचे शब्द कसे तपासायचे याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नशेचा उल्लेख असलेल्या गाण्यांवर लक्ष ठेवायला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये देशाची अर्थव्यवस्था कोसळली, बँकांतले पैसे अडकले, राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. ज्या गरिबीबद्दल गाणं अशोभनीय म्हटलं जात होतं, ती तेव्हा टीव्हीच्या बातम्यांत रोज दिसायला लागली.

लिहिताना तीन गोष्टी पाळा. ओळीत आठ ते दहा अक्षरांहून जास्त ठेवू नका, ग्विरोवर बसत नाही. धृपदात एकच वाक्य असू द्या, जे दोनशे माणसं एकत्र ओरडू शकतील. आणि जागांची, वस्तूंची खरी नावं घाला: कुठला कोपरा, कुठली बस, काय पितात. ‘दुःख’, ‘अन्याय’ असे शब्द टाळा. जो तिथे राहतो तो ते शब्द वापरत नाही.

बायकांबद्दलच्या ओळींत मात्र या प्रकारानं स्वतःची फार नाचक्की करून घेतली आहे. कितीतरी गाण्यांत समोर नाचणाऱ्या मुलीलाच शिवी आहे. ती परंपरा म्हणून पुढे न्यायची काहीच गरज नाही. नाच उभा राहतो तो त्याच मुलींमुळे.

रेकॉर्डिंग आणि पहिला श्रोता

फ्लोर दे पिएद्राचं रेकॉर्डिंग सुरुवातीला कंपन्यांना नको होतं. परवाना नसलेल्या छोट्या रेडिओ केंद्रांवर ते वाजलं, लोकांनी मागितलं, मग कंपनी आली. क्रम लक्षात ठेवा: आधी वस्ती, मग रेडिओ, मग कंपनी. आज रेडिओच्या जागी फोन आहे, एवढाच फरक.

पहिल्या रेकॉर्डिंगला चार गाणी पुरेत. मेट्रोनोमवर आधी ऑक्टोपॅड आणि बास, थेट तारेनं. मग काँगा आणि ग्विरो माइकवर, शक्यतो गाद्या-कपडे असलेल्या खोलीत. मग कीबोर्ड. गायक शेवटी, उभं राहून. मिक्स करताना आधी ग्विरो आणि बास असे दोनच आवाज चालू ठेवून त्यांचं प्रमाण ठरवा. एवढ्यावर पाय हलला तर बाकीचे वर चढवा. शेवटची परीक्षा फोनच्या स्पीकरवर: बास ऐकू येणारच नाही, तरी 3 आणि 4 च्या मात्रा कळल्या पाहिजेत. कळत नसतील तर बासला 700 ते 900 हर्ट्झच्या आसपास थोडं उचला.

बायलांता आणि रात्रीचा फेरा

बायलांता म्हणजे या संगीताचे नाचाचे मोठे हॉल. ‘दामास ग्रातिस’ या नावाचा अर्थच ‘स्त्रियांना प्रवेश मोफत’, अशा हॉलच्या दारावरची पाटी. शनिवारी रात्री बँड एका हॉलमध्ये तीस-चाळीस मिनिटं वाजवतो, गाडीत सामान टाकतो आणि पुढच्या हॉलला जातो. एका रात्रीत तीन-चार कार्यक्रम सहज होतात. म्हणून सगळी आखणी सामान पटकन लावण्याभोवती करा. प्रत्येक वाद्याची केबल त्याच्याच पेटीत, दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डब्यातून. गुणगुण आली तर आधी डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, माइकला ओठ लागल्यावर त्याची किंमत कळते.

गाणी एकामागोमाग, न थांबता, जोडून वाजवायची. याला एंगानचादो म्हणतात, म्हणजे एकमेकांत अडकवलेली. शेजारच्या दोन गाण्यांच्या लयीत मिनिटाला तीन टिकांपेक्षा जास्त फरक नको आणि गाण्याची पट्टी तीच किंवा जवळची हवी. जोड ग्विरो आणि काँगावर करा: बाकीचे आठ मात्रा गप्प, आणि त्यावर नव्या गाण्याची कीबोर्डची धून. सगळ्यात ओळखीचं गाणं दुसरं ठेवा. पहिल्या गाण्यात आवाजाचा माणूस मिक्सर शोधत असतो.

गाडी चालवणारा माणूस वाजवणाऱ्यांपैकी नको. हा नियम मोडू नका. अर्जेंटिनाची कुम्बिया गायिका गिल्डा 7 सप्टेंबर 1996 ला कार्यक्रमाला जाताना एन्त्रे रिओस प्रांतातल्या महामार्गावर अपघातात गेली. तिची आई, मुलगी, तीन वादक आणि चालकही गेले. कुआर्तेतो हा तिथलाच दुसरा नाचाच्या संगीताचा प्रकार गाणारा रोद्रिगो 24 जून 2000 च्या पहाटे, कार्यक्रम आटोपून परतताना, स्वतः गाडी चालवत असताना गेला. दोघंही लोकप्रियतेच्या ऐन भरात होते. चौथा कार्यक्रम सोडावा लागला तर सोडा.

नाव आणि पैसे

हे पहिल्या कार्यक्रमाआधी करा. उष्णकटिबंधीय संगीताच्या (कुम्बियासारख्या नाचाच्या संगीताला तिथे हेच म्हणतात) धंद्यात बँडचं नाव अनेकदा निर्मात्याच्या मालकीचं असतं. गायक सोडून गेला की दुसरा गायक आणून तोच बँड चालू राहतो आणि ज्यानं गाणी लिहिली त्याला स्वतःच्या नावानं वाजवता येत नाही. अर्जेंटिनात नावाची नोंदणी औद्योगिक मालमत्ता संस्थेकडे, इन्पीकडे, करमणुकीच्या 41 व्या वर्गात होते. ती दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण. गाण्याचे शब्द आणि चाल गीतकार-संगीतकारांच्या सादाइक या संस्थेकडे नोंदवायची. दोन्हींच्या अर्जावर बँडमधल्याच माणसांची नावं असू द्या.

प्रत्येक गाण्यासाठी एका कागदावर शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि टक्के किती हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, त्याच दिवशी, तालमीच्या खोलीतच. कार्यक्रमाच्या पैशातून आधी गाडी, चालक आणि दुरुस्तीचा डबा बाजूला काढा, मग उरलेल्याचे समान भाग. ग्विरोवाल्याचा भाग गायकाएवढाच.